गोव्याची बॉर्डर किती वेळा सरकली? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात पत्रादेवीच्या (पेडण्यातला गोवा-महाराष्ट्र हद्दीवरचा नाका) हुतात्मा स्मारकावर अर्धं पान मजकूर दिला होता आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की बॉर्डरबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. लोकांनी पाठवलं की हो! पेडण्यापासून काणकोणपर्यंत पत्रं आली, दोडामार्गातून आली, एक तर कुवेतहून सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज. सगळं छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं मुद्दाम घातली नाहीत.

फोंड्याहून एक शिक्षिका: सहावीच्या मुलांनी विचारलं, पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथे होते तर फोंड्यात एवढी देवळं कशी टिकली? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर काय?

बाई, मुलांना पहिल्यांदा हे सांगा की साडेचारशे वर्षांचा हिशोब तिसवाडीचा आहे, फोंड्याचा नाही. १५१० ला अफोन्सो द अल्बुकर्कने अदिलशहाकडून तिसवाडी घेतली, १५४३ ला बारदेश आणि सासष्टी आली (मुरगाव तेव्हा सासष्टीतच), आणि मग गाडी जी थांबली ती दोनशेवीस वर्षं पुढे सरकलीच नाही. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग सोंद्याच्या (आजच्या कर्नाटकातलं जुनं संस्थान) राजाचा, तो १७६३ नंतर आला, आणि तोही लढून जिंकला असं नाही, हैदरअलीने सोंदे घेतलं, राजा पळून गोव्याच्या आश्रयाला आला आणि त्याचा मुलूख पोर्तुगीजांच्या पदरात पडला. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमाराला, पेडणे १७८८ ला, हे सावंतवाडीकरांकडून. जुन्या काबिजादी (१५४३ पर्यंत घेतलेला मुलूख) आणि नव्या काबिजादी (१७६३ नंतरचा) म्हणतात ते हेच. म्हणजे पेडणेकरांच्या वाट्याला पोर्तुगीज आले ते १७३ वर्षं, पणजीकरांच्या वाट्याला ४५१. एकाच राज्यातले दोन तालुके पण इतिहासाची लांबी अडीचपट, आणि आपण शाळेत सगळ्यांना एकच आकडा पाठ करायला लावतो.

त्या दोनशेवीस वर्षांत झुआरी ही नुसती नदी नव्हती, दोन देशांमधली हद्द होती. अलीकडे तिसवाडीतली देवळं १५४० ला पाडली, सासष्टीतली १५६७ ला, मध्ये १५६० ला इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) बसलं. लोकांनी देव उचलले आणि पाणी ओलांडलं. मंगेश कुठ्ठाळीहून (तेव्हाची कुशस्थळी) प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. आज कुठ्ठाळीहून म्हार्दोळ गाडीने अर्धापाऊण तास, बोलताबोलता येतं. पण त्या काळी एकदा पलीकडे गेलं की व्हाइसरॉयचा शिपाई मागे येऊ शकत नव्हता, कारण पलीकडे राज्य दुसऱ्याचं.

आणि दुसऱ्याचं म्हणजे कोणाचं, हे मुलांना जरूर सांगा, कारण हा भाग बरेच जण सोयीने गाळतात. त्या वेळी अदिलशहाचं, सोंदेकरांचं नंतर झालं. फोंड्यातली साफा मशीद त्याच काळातली, १५६० च्या सुमाराची, म्हणजे मंगेश ज्या वर्षी प्रियोळला आला साधारण त्याच वर्षी तिथून काही मैलांवर मशीद उभी राहत होती. देव सुरक्षित राहिले ते आपल्या धर्माच्या राजाकडे गेले म्हणून नाही, पोर्तुगीजांची हद्द संपली म्हणून. बॉर्डर लोकांना अडवते हे सगळे बोलतात, पण बॉर्डर आसरा पण देते, आणि अंत्रुज महालाची, म्हणजे फोंड्याची, सगळी ओळख, देवळं, जत्रा, पालख्या, नाटकं, ही त्या आसऱ्यावर उभी आहे असं माझं मत आहे.

नवीन भाग हातात आला तोपर्यंत पोर्तुगीजांचा जोर ओसरला होता. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्याच सुमाराला मराठी फौजा सासष्टी-बारदेशात घुसल्या होत्या, तिसवाडीचं बेट आणि थोडे किल्ले एवढंच उरतं की काय अशी पाळी आली होती. तेव्हा नव्या काबिजादी त्यांना मुख्यतः राजधानीभोवती रुंद पट्टा म्हणून हव्या होत्या. तिथे देवळांना हात लावला तर लोक उठतील आणि घाटापलीकडून मदत येईल हे कळत होतं, म्हणून धर्म आणि रीतिरिवाज सांभाळायचं कबूल केलं. तरी सत्तरीत राणे उठलेच, १८५२ ला दीपाजी राणे, १८९५ ला दादा राणे. पाठीशी घाट आणि जंगल असलं की सरकार पणजीत बसून काय करणार.

एक नमुना दाखवायचा असेल तर मुलांना नार्व्याला न्या. सप्तकोटेश्वर मूळ दिवाडी बेटावरचा, तिथून पाण्यापलीकडे डिचोलीच्या बाजूला आणला, आणि १६६८ ला शिवाजीमहाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, शिलालेख दरवाज्यावर आहे. समोर पाणी, पाण्यापलीकडे पोर्तुगीजांची दिवाडी. एवढ्या आतल्या आडगावात देऊळ बांधून घेण्यात भक्ती होतीच, पण शेजाऱ्याच्या नाकासमोर हद्द आखणं पण होतं. हे मी म्हणतो, शिलालेख म्हणत नाही.

फक्त एक करा, जुन्या काबिजादी म्हणजे ख्रिश्चन आणि नव्या म्हणजे हिंदू असा फळ्यावर तक्ता काढू नका. बारदेशातली मुलं वर्गात असतील तर लगेच हात वर करतील.

केरी (पेडणे) येथून एक वाचक: तेरेखोल गाव नदीच्या पलीकडे, चारी बाजूंनी महाराष्ट्र आणि समुद्र, तरी गोव्यात कसं? मॅप बघणारे पाहुणे दर वेळी विचारतात.

चारी बाजूंनी नाही हो, एका बाजूला नदी आहे आणि नदीच्या अलीकडे तुम्ही आहात. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकरांचा होता, १७४६ ला पोर्तुगीजांनी घेतला. नदीच्या तोंडावर तोफा ठेवायच्या तर दोन्ही काठ हातात पाहिजेत, म्हणून तो कधी सोडला नाही. पुढे तोफा गेल्या, पोर्तुगीज गेले, हद्द राहिली. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले आणि तिरंगा लावला, कारण भारतातून पायी चालत जाता येईल असा पोर्तुगीजांचा हाच एक कोपरा होता जिथे मध्ये नदी नव्हती आणि मागून कुमक लवकर येणार नव्हती. जी जागा नदी राखायला घेतली तीच सगळ्यात उघडी पडली.

दक्षिणेला याचं जुळं भावंड आहे, अंजदीव. बेट कारवारसमोर आहे, कारवारच्या किनाऱ्यावरून दिसतं, पण हद्दीने गोव्याचं. त्याबद्दल शेवटी लिहिलंय, कारण काणकोणहून त्यावर वेगळं पत्र आलंय.

म्हापशाहून कॉलेजचा विद्यार्थी: ऑपरेशन विजय (गोवा मुक्त करणारी लष्करी कारवाई) छत्तीस तासांत संपलं. मग १९४७ ते १९६१ चौदा वर्षं आपण कशाची वाट बघत होतो? सरदार पटेल असते तर असं नसतं झालं असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात ते रीलमध्ये म्हणतात. तू कॉलेजात आहेस, जरा बाजूला ठेव आणि मॅप घे.

हैदराबाद आणि गोवा एका मापाने मोजता येत नाही. हैदराबादच्या मागे कुठला देश नव्हता. गोव्याच्या मागे पोर्तुगाल होता, आणि पोर्तुगाल १९४९ ला नाटोच्या संस्थापक देशांत होता. म्हणून दिल्लीत पहिला प्रश्न हा की पणजीवर गोळी झाडली तर ती अमेरिकेला लागते का. खरं तर नाटोच्या तहाचं सहावं कलम वाचलं तर उत्तर मिळतं, त्यात तहाचा प्रदेश युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं असा बांधून दिलाय. गोवा त्यात कुठूनही बसत नाही. पण तहात काय लिहिलंय आणि वेळ आल्यावर मित्र काय करतील या दोन गोष्टी वेगळ्या, आणि डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर पत्रक काढून गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं, तेव्हा दिल्लीला घाम फुटला.

प्रांत म्हणायचं हे पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं डोकं. १९५१ ला त्याने घटनेत बदल केला आणि वसाहती एका रात्रीत समुद्रापारचे प्रांत झाले. म्हणजे त्याच्या हिशोबाने पत्रादेवी ही पोर्तुगाल नावाच्या देशाचीच हद्द, लिस्बनएवढीच पवित्र. वसाहत सोडता येते, देशाचा तुकडा सोडता येत नाही, म्हणून बोलणी करायलाच नको! युनोने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात हे फेटाळलं, पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी दिली आणि सांगितलं की हे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत, यादीत गोवा होतं. यानंतर वर्षभरानेच ऑपरेशन विजय झालं हा योगायोग नाही असं मला वाटतं. आपण कोणाचा देश तोडत नाही, वसाहत संपवतोय, हे जगाला सांगायला कागद लागतो.

मधल्या काळात लोकांनी मार खाल्ला. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून सत्याग्रही आले, हातात झेंडे, हत्यार नाही, आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त गेले. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल होता. पेडण्याच्या एका नाक्याशी पंजाबच्या माणसाचा संबंध काय, तर त्या दिवसापासून तो जो जुळला तो जुळलाच. देश म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा असल्या ठिकाणी जास्त कळतं.

त्यानंतर भारताने हद्द बंद केली, कॅसलरॉककडून येणारी रेल्वे बंद, व्यापार बंद, मुंबईहून पैसे पाठवायची पंचाईत. धोबीतलावच्या, माझगावच्या कुडींमध्ये (गोंयकारांच्या सामाईक खोल्यांत) राहणारा गोंयकार, बोटीवर नाहीतर हॉटेलात राबणारा, त्याला घरी जायला परमिटासाठी रांगा. सालाझारचं मात्र फारसं अडलं नाही. खाणीतलं लोखंड जपानला जात होतं, पैसा येत होता, बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून येत होतं, दाबोळीला विमानतळ झाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचार, त्या वर्षांत परदेशी माल बाजारात जितका बघितला तितका पुढे तीस वर्षं बघितला नाही असं सांगतात. वरून तो माल आणि सोनं चोरट्या वाटेने भारतात. म्हणजे नाकेबंदी करून चिमटा बसला तो साध्या माणसाला, आणि पलीकडे राहणाऱ्यांना भारत म्हणजे आपली वाट अडवणारा अशी भावना झाली, ती पुढे १९६७ ला मतपेटीत थोडी दिसलीच.

शेवटी निमित्त झालं अंजदीवचं, १७ नोव्हेंबर १९६१ ला बेटावरून साबरमती बोटीवर गोळीबार, नंतर एका मच्छीमाराचा जीव गेला. १८ डिसेंबरला सैन्य घुसलं, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत मागे फिरा असा ठराव आला, सात मतं पडली पण रशियाने नकाराधिकार वापरला. सालाझारचा हुकूम होता की जिंकलेले नाहीतर मेलेले सैनिक पाहिजेत. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी ऐकलं नाही आणि १९ ला शरण आले, त्यामुळे पणजी शाबूत राहिली. त्यांना पोर्तुगालने सैन्यातून काढलं. या माणसाबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

डिचोलीहून लॉ करणारी वाचक: दादरा-नगरहवेलीच्या केसमध्ये पेशव्यांच्या तहावर वाद झाला असं सरांनी जाता जाता सांगितलं. खरंच का? पेशवे आणि इंटरनॅशनल कोर्ट?

खरंच. आणि सर जाता जाता का गेले कळत नाही, यावर त्यांनी पूर्ण तास घ्यायला हवा होता.

झालं असं की दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीजांचे मुलूख दमणपासून आतल्या बाजूला, किनाऱ्यापासून तुटलेले, सगळीकडून भारत. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ते मुक्त केले. पोर्तुगालला दमणहून शिपाई पाठवायचे होते, भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल डिसेंबर १९५५ ला युनोत शिरला आणि आठ दिवसांत हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात केस टाकली, की आमच्या मुलखात जायला वाट हा आमचा हक्क आहे.

हक्क कशावरून, तर १७७९ चा पुण्याचा तह. त्यात पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायचं कबूल केलं होतं. पोर्तुगालचं म्हणणं गावं दिली म्हणजे राज्य दिलं. भारताचं म्हणणं की वसूल दिला, राज्य नाही, मराठ्यांकडे सरंजाम असाच देत, उद्या काढून पण घेता येतो. मग काय, मोडीतले कागद, सनदा, पेशवे दफ्तर, सगळं नेदरलँडमधल्या न्यायाधीशांसमोर. आणि १२ एप्रिल १९६० च्या निकालात कोर्टाने मानलं की मराठ्यांनी वसुलाचा हक्क दिला होता, सार्वभौमत्व नाही. हां, पण लगेच हुरळून जाऊ नकोस. कोर्टाने पुढे हे पण म्हटलं की मराठ्यांनंतर इंग्रज आले, त्यांनी पोर्तुगीजांना तिथले मालक म्हणून वागवलं, इतकी वर्षं तसंच चाललं, तेव्हा माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला ये-जा करायचा हक्क वहिवाटीने तयार झाला. फौजेला, हत्यारी पोलिसांना आणि दारूगोळ्याला नाही. आणि १९५४ ला तिथे वातावरण तापलेलं असताना भारताने वाट बंद केली ती चूक नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी.

तुझ्या परीक्षेसाठी नाही पण तुझ्यासाठी सांगतो, या निकालात बघण्यासारखं हे की हद्द कागदाने जेवढी ठरते तेवढीच रोजच्या वागण्याने ठरते. १७७९ चा कागद आपल्या बाजूने होता तरी तो एकटा पुरला नाही. आज चीनबरोबर असो की म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटकाबरोबर असो, तिथे रोज कोण जातं, कोण गस्त घालतं, कोण पाट खणतं याला एवढं महत्त्व का देतात ते यावरून समजेल.

मडगावहून एक आई: धाकटा पोर्तुगीज पासपोर्ट काढायचं म्हणतो. माझे सासरे १९४० सालचे, त्यामुळे मिळतो म्हणे. आमचे हे स्वातंत्र्यसैनिकाच्या घरातले, घरात रोज भांडण, देशद्रोही म्हणेपर्यंत गेलंय. काय करू?

ताई, आधी तो शब्द घरातून काढा, मग बाकीचं.

कायद्याची बाजू अशी. १९६२ ला भारत सरकारने आदेश काढला, २० डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं हे भारताचे नागरिक, ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात लिहून द्यावं. तिकडे पोर्तुगाल त्याच माणसांना आणि पुढच्या पिढ्यांना, नातवंडांपर्यंत, आपलं मानतो, जन्म लिस्बनला नोंदवला की झालं. दोन देशांनी एकाच आजोबांना आपल्या वहीत लिहून ठेवलंय, यात तुमच्या मुलाने गुन्हा काय केला? हद्द आजोबांच्या अंगावरून गेली, ते कुठे गेले नाहीत.

पण फुकट काही नाही हे मुलाला स्पष्ट सांगा. भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत. पोर्तुगीज झाला की भारताचा पासपोर्ट परत करायचा, मतदान गेलं, सरकारी नोकरी गेली, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) मिळेल त्यावर राहता येईल, घर घेता येईल, पण शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशाने येणाऱ्या भाटाचं (माडाच्या बागेचं) काय ते चांगल्या वकिलाला विचारा, एजंटला नाही. आणि तो लंडन नाहीतर स्विंडनच्या आशेने काढत असेल तर ते दार २०२१ पासून पूर्वीसारखं उघडं नाही, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाऊन सरळ काम धरता येत नाही. शेजारच्याचा मुलगा दहा वर्षांपूर्वी गेला म्हणून आता पण तसंच असेल असं धरून चालू नये.

आणि तुमच्या यजमानांना एक विचारा, हळूच विचारा. आखातात तीस वर्षं राहून पेन्शनीला परत येणाऱ्याला आपण देशद्रोही म्हणत नाही, मग या पोराला का? त्यांचा राग समजतो, ज्या राजवटीने वडिलांना तुरुंगात टाकलं त्याच देशाचा शिक्का मुलाच्या खिशात, हे गिळायला कठीण आहे. पण १९७४ ला पोर्तुगालमध्ये ती राजवट त्यांच्याच सैनिकांनी उलथली, आणि त्याच वर्षअखेरीस नव्या सरकारने गोवा भारताचा हे तहात मान्य केलं. मुलगा सालाझारचा पासपोर्ट काढत नाहीये. एवढं म्हणून बघा, नाही पटलं तर गप्प बसा, जेवण गरम वाढा.

साखळीहून एक निवृत्त वाचक: आमची शाळा मराठी, पेपर मराठी, कीर्तन मराठी. मग आम्ही महाराष्ट्रात का नाही, हे नातवाला काय सांगू?

सांगा की मोजून ठरलं. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल, फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. वेगळं राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. पेडणे-सत्तरीकडे फुलाचा जोर, सासष्टीत पानांचा, म्हणजे जुनी हद्द मतपेटीत पण उमटली. पण नुसती तेवढीच नाही, कारण अडीच महिन्यांनी निवडणूक झाली आणि लोकांनी विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच परत निवडून दिलं! महाराष्ट्र नको पण भाऊ पाहिजेत. मराठी बोलणारा म्हणून महाराष्ट्राचाच असं होत नाही हे इथल्या बऱ्याच मराठी घरांनी तेव्हाच ठरवलं, आणि मला विचाराल तर ते ठीकच झालं, साखळीचा माणूस मुंबईत कोणाच्या खिजगणतीत असता? काहींना हे टोचेल, टोचू दे.

दोडामार्गहून एक वाचक: आम्ही महाराष्ट्रात, पण नोकरी डिचोलीत, बाजार म्हापशात, दवाखाना बांबोळीला. गोवा आम्हाला परका का मानतो?

२०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीला बाहेरच्या पेशंटकडून फी घ्यायला लागले तेव्हा तुमच्याकडे केवढं आंदोलन झालं ते आठवतंय, तालुका गोव्यात घाला अशी मागणी पण झाली. गोव्यातून महाराष्ट्रात जायची मागणी १९६७ ला होती, पन्नास वर्षांनी उलट्या बाजूने तीच. सरकार त्या दिवशी माणसाला काय देतं यावर हद्दीची गोडी बदलते.

गोव्याची बाजू पण आहे, खाटा मोजक्या, करदाते मोजके. पण मग तिळारीचं काय? धरण तुमच्या तालुक्यात, गावं तुमची उठली, पाणी पेडणे, बारदेश, डिचोलीला. कालवा फुटला की अर्धं उत्तर गोवा टँकरवर. पाणी हद्द ओलांडून आलेलं चालतं आणि आजारी माणूस चालत नाही, हे जरा विचित्रच नाही का? २०२० च्या लॉकडाउनला पण बघितलं, नाके बंद झाले आणि आठवड्याभरात इकडच्या लोकांना कळलं की दूध, भाजी आणि कामाची माणसं कुठून येतात. तुमच्यावर उपकार म्हणून नाही, स्वतःच्या सोयीसाठी तरी गोव्याने कायमची व्यवस्था करावी.

काणकोणहून एक वाचक: अंजदीव गोव्याचं बेट, तिथे आमच्या सायबिणीचं (मदर मेरीचं) इगर्ज (चर्च), पण नेव्ही जायला देत नाही. सुरक्षा म्हटलं की सगळं गप्प. हे बरोबर आहे का?

ब्रोताशच्या सायबिणीच्या फेस्ताला (वार्षिक सणाला) पूर्वी लोक होड्या करून जायचे, आणि बेट कारवारच्या नौदल तळात गेल्यापासून ते थांबलं, हे तुमच्यासारख्या बऱ्याच जणांनी लिहिलंय. नेव्हीचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. तो देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मोठा तळ आहे, आणि हे बेट ताब्यात घेताना १८ डिसेंबर १९६१ ला नौदलाचे सात जवान गेले, त्यांच्यासाठी पण ती जागा साधी नाही.

तरी गप्प बसावं असं मला वाटत नाही. ऑगस्ट २०२१ ला सां जासिंतो बेटावर काय झालं बघा. नेव्हीला स्वातंत्र्यदिनासाठी झेंडा लावायचा होता, बेटावरच्या लोकांनी हरकत घेतली, नेव्हीने कार्यक्रम रद्द केला आणि लगेच देशभर बातमी की गोव्यात तिरंग्याला विरोध. लोकांचा झेंड्याला विरोध नव्हता, नव्या बंदर कायद्याने बेट हातचं जाईल ही भीती होती, आणि युनिफॉर्म दिसला की ती भीती वर आली. बोलणं झालं, गैरसमज मिटला, झेंडा फडकला. आधी कोणी बसून बोललं असतं तर बातमीच झाली नसती. दाबोळीला बघा, विमानतळ नेव्हीच्या तळात आहे, १९६२ पासून, तरी लाखो प्रवासी तिथून जातात, वेळा ठरल्यात, तपासणी आहे, चाललंय. म्हणजे तळ आणि लोक एका जागी नांदूच शकत नाहीत असं नाही.

तेव्हा तुमच्या पॅरिशने आणि पंचायतीने मिळून लेखी मागावं, फेस्ताचा एकच दिवस, नावांची यादी महिनाभर आधी, ओळखपत्रं, मोबाईल किनाऱ्यावर जमा, होड्या नेव्हीच्या. पत्र कारवारला तळाच्या प्रमुखांना आणि प्रत काणकोणच्या आमदारांना. यादीत पेडणे-सावंतवाडीकडच्या दोघातिघांची नावं पण घाला, तिकडून पण लोक यायला तयार आहेत, आमच्याकडे दोन पत्रं पडून आहेत, पत्ता पाठवा, तुमच्याकडे धाडतो.